पहिली वेलांटी

रात्रीचे साडेअकरा. मानेवाड्यात कूलरचा पंप
पाणी ओढतोय की नुसताच कण्हतोय, कळत नाही.
ओट्यावर साठ पाकिटं, तोंडं उघडी,
आणि हवेत एवढं तिखट
की प्रिंटरसुद्धा शिंकेल असं वाटतं.
शिंकत नाही. हिरवा दिवा लावून बसलाय,
साहेब जेवायला गेल्यावर शिपाई बसतो तसा.

लॅपटॉप पुतण्याचा, उत्कर्षचा.
म्हातारा झाला म्हणून त्यात कुठलीशी वेगळी सिस्टिम घातली
आणि पोरगा हैदराबादला गेला.
"काकू, हलकी आहे, पळते."
पळते खरी. पण जगात हिला वापरणारे सगळे
आपल्या हिवाळी अधिवेशनाच्या एका पेंडॉलात मावतील
आणि त्यांतल्या कुणाकडेच हा प्रिंटर नसेल.

मी वाचते, कुणी मजकूर सांगावा तशी, एकेक ओळ:
छपाईच्या पॅकेजला हवी एक लायब्ररी.
लायब्ररीला हवी दुसरी, अमुक आवृत्तीच्या वरची.
दुसरी आहे, पण खालची.
वरची बसवावी तर तिसरी म्हणते, मग मी निघते.
शेवटी दोन उपाय दिलेत.
उपाय एक: हे बसवू नका.
उपाय दोन: ते काढून टाका, सोबत आणखी चौदा.

तहसिलीत तीस वर्षं टंकलेखक होते मी.
उत्पन्नाच्या दाखल्याला रहिवासी,
रहिवासीला रेशनकार्ड,
रेशनकार्डाला पुन्हा उत्पन्नाचा दाखला.
हा गोल मला पाठ आहे.
तेव्हा खिडकीच्या आतल्या बाजूला होते, एवढंच.

नलू भोयर दारातून:
"काऊन वं, होऊन राहिलं का नाही?
सकाळी आठला बर्डीवर स्टॉल लावाचा आहे."
"होऊन राहिलं," मी म्हणते,
ज्या आवाजात पूर्वी 'उद्या या' म्हणायचे.

उत्कर्षचा फोन बंद.
पावणेएकला एक जुनी आवृत्ती सापडली,
चार वर्षांत कुणी हात न लावलेली.
देखभाल करणाऱ्याच्या नावापुढे कोरी जागा.
तिने कुणाचं काही मागितलं नाही.
बसली.

कागद सरसरत आला. आम्ही दोघी वाकलो.
मरिची. तखिट.
भिवापुरीतला भ उघडाबोडका,
ग्रॅममधल्या ग चा पाय मोडलेला.
"मरिची कोण वं?" नलू म्हणाली. "तुही मैतरीण?"
आणि हसता हसता तिला ठसका लागला.

मी हसले नाही. माझी करंगळी आपोआप हलली होती.
रेमिंग्टनवर पहिली वेलांटी आधी मारायची,
अक्षर मागून.
अजून न आलेल्याच्या डोक्यावर
छत्री धरून उभी राहायची ती बिचारी.
नंतर संगणक आले, नवीन पोरं आली,
म्हणाली, मॅडम, बोलता तसं टाइप करा,
आधी अक्षर, वेलांटी कुठे लावायची ते मशीन बघेल.
सहा महिने लागले बोटांना ते विसरवायला.

हे मशीन बघत नाही.
म्हणजे याला जुनंच सांगायला हवं.

वेलांटी, मग भ. वेलांटी, मग म.
वेलांटी, त, ख, ट.
पडद्यावर बरोबर. कागदावरही बरोबर.
ग्रॅमचा पाय काही जुळेना,
तर अडीचशे ग्रॅम खोडून
पाव किलो केलं, वजन तेच.
किलोच्या कि लाही आधी वेलांटी.

साठ लेबलं. शेवटची सात जरा फिकट.
नलू खळ लावून चिकटवते आहे,
मधूनच मनगटाने नाक पुसते.

ही फाइल उद्या दुसऱ्या कुठल्याही शहाण्या मशीनवर उघडली
तर ओळीओळीत चुका दिसतील,
आणि कुणीतरी मन लावून दुरुस्त करेल.
म्हणून नाव दिलं आहे:
असंच राहू द्यावं.