कुण्या कुशीवर

रात्रपाळी सुटते, सातच्या उन्हात मी घरी येते
तेव्हा सेलू उठून अंगणात चूळ भरत असतं
आणि मी जाड पडदा ओढून
दिवसाची रात्र करायला बघते.
मे महिना. त्रेचाळीस.
नळाला आज आठवा दिवस, कूलरची टाकी कोरडी.
पंखा फिरतो तो नुसता
या भिंतीची धग त्या भिंतीला पोचवायला.

उताणं मला झोपता येत नाही.
उताणी झोपलेली माणसं वॉर्डात पुष्कळ पाहिलीत.
मी डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी,
उजवा कान वर. एवढाच धड ऐकतो.
गल्लीत कुणी व्हॉल्व्ह फिरवला
की पाण्याआधी नळ खोकतो, त्यासाठी तो जागा ठेवलेला.

मग सगळा भार एका बाजूला:
गाल, दुमडलेली पाळी, खांद्याचा गोळा.
आणि मानेखाली एक पोकळी राहते,
तिच्यात घाम.

सारिकानं पुण्याहून निळी उशी पाठवली.
आत जेल आहे म्हणे,
खास कुशीवर झोपणाऱ्यांसाठी.
गाल टेकवला. अहाहा!
विहिरीच्या आतल्या पायरीवर टेकवावा तसा.
वीस मिनिटं.
नंतर माझीच ऊब ती मला परत करू लागली
व्याजासकट.
उलटी केली. पुन्हा वीस मिनिटं.
पुन्हा उलटी.
दुपारभर भाकरी शेकावी तसं चाललेलं.

मोंढ्याजवळच्या दुकानात पोरगा एकेक उशी
मुठीनं दाबून दाखवायचा.
ही बघा मॅडम, किती मऊ. ही बघा, कडक.
मुठीला कुठं झोपायचं असतं?

शेवटी यासीन नदाफांकडे गेले, जिनिंगच्या मागच्या बोळात.
यंत्र घरघरत होतं, भुवयांवर कापूस,
भिंतीला जुनी धनुकली, तिची तात कधीच तुटलेली.
त्यांनी उशी दाखवलीच नाही.
यंत्र बंद केलं आणि विचारलं,
“बाई, झोपता कुण्या कुशीवर?”

मला पटकन बोलता येईना.
लग्नाला दोन वर्षं झाली तेव्हा
कूस उजवली का, हे अख्ख्या भावकीनं विचारलं होतं.
झोपते कुण्या कुशीवर, हे
कुणीच नाही.

“डाव्या,” मी म्हटलं.
त्यांनी हात न लावता, लांबूनच,
माझ्या कानापासून खांद्याच्या टोकापर्यंत
हवेत वीत टाकली.
“वितीला दोन बोटं कमी. तेवढीच पोकळी भरायची.
खाली करडईचा भुसा घालतो, त्यातून वारं खेळतंय.
वर सावरीचा कापूस. खोळ मांजरपाटाची,
टेरिकॉटची घालाल तर मला बोल लावू नका.
अन् महिन्यातून एकदा उन्हात टाकायची.”
“उन्हात? थंड उशी?”
“मग? सादळली की तापतीच ती.”
कळलं नाही, पण साडेचारशे दिले.

आता डोकं हललं की भुसा कुरकुरतो,
कापणी झालेल्या रानातून कुणी जपून चालावं तसा.
गंमत म्हणजे तो मला डाव्या कानानं ऐकू येतो,
ज्यानं मी गेली अकरा वर्षं
काहीच ऐकलेलं नाही.

उशी गार आहे असं मी म्हणणार नाही.
तापत नाही, एवढंच.

नवव्या दिवशी नळ आला. खोकला, वाहिला, गेला.
उजवा कान वर होता
आणि मी झोपलेली होते.
शेजारच्या अयोध्याबाईंनी कडी वाजवून वाजवून
दोन घागरी दारात ठेवल्या, वर एक शिवी.
साडेचारला उठले, गालावर मांजरपाटाची वीण उमटलेली.
टाकी कोरडी ती कोरडीच.

निळी उशी दोन गुडघ्यांच्या मध्ये असते.
तिथं वीस मिनिटं पुरतात.
सारिकाला सांगितलं, तुझी उशी रोज घेते गं.
कुठं, ते तिनं विचारलं नाही.