यांत्रिक हाताची लिपी

ग्रिम्सबीच्या गोदीमागे
बर्फाच्या कारखान्याला पाठ लावून आमची शेड.
आत एक हात आहे. सहा सांधे, दोन बोटं,
आणि त्याला अजून कुठलीच भाषा येत नाही.

शुक्रवारपर्यंत ठरवायचंय :
चौकोन मांडून तारा ओढायच्या
की ओळीखाली ओळ लिहायची.

मी ओळींची बाई.
काल काय होतं, आज काय बदललं,
कुणी, रात्री किती वाजता,
ओळ सगळं कबूल करते.
चुकलं तर बोट ठेवता येतं : हे बघ,
एकशे बारावी ओळ, एक शून्य सांडलंय.
चित्रात कुठे ठेवू बोट?
इमोजेनच्या स्क्रीनवर पिवळा, निळा, केशरी गुंता,
तारेखालून तार, चौकोनाच्या पोटात चौकोन.
मी म्हटलं, ही तर मोडी.
हात न उचलता भरभर लिहायची
आणि मग वाचणारा शोधत हिंडायचं.
मोडी म्हणजे काय ते सांगण्यात
तिचा चहा निवला.

सिम्युलेशनमध्ये दोन्ही छान चालतं.
तिथे हॅडॉक म्हणजे एक करडी वीट,
कोरडी, शहाणी, सांगितल्या जागी पडून राहणारी.
शेडमधला खरा हॅडॉक
दोन बोटांतून सुळकन निसटला
आणि माझ्या बुटावर येऊन पडला.
एकशे बारावी ओळ तेव्हा बरोबर होती.

रात्रपाळीला विल्फ हॉलम असतो.
एकतीस वर्षं मासे कापलेले, डाव्या अंगठ्याला नख नाही.
माझी छापील पानं त्यानं परत दिली, घडी न मोडता.
“अक्षरं थांबत नाहीत माझ्यासमोर,” म्हणाला,
“शाळेतही नाही थांबली.”
मग इमोजेनच्या गुंत्यात त्यानं बोट घातलं,
केशरी तार धरून चालत गेला, वळणावर थांबला :
“दाब इथून येतोय. इथे तुंबतोय.
मासा घट्ट धरला की पळतो, बाई.
सैल करा.”

सैल केलं.
हॅडॉक खोक्यात गेला.

शुक्रवारी मी लिहून दिलं :
सांध्यांचं गणित ओळींत, माझ्या जबाबदारीवर.
पकड तारांत, विल्फच्या हाताशी.
साहेब म्हणाले, दोन भाषा म्हणजे दुप्पट खर्च.
दुप्पट नाही, पण होईल. खोटं कशाला बोलू.

रात्री सगळे गेल्यावर एका ओळीशेजारी टीप लिहिली,
हात आपोआप मराठीत गेला.
विल्फ मागे उभा होता, कळलं नाही.
“हे काय, दांडीला टांगलेले मासे?
आमच्या धुरीच्या खोलीत असेच असतात.”
अक्षरं आहेत, म्हटलं. माझी.
तो वाकून बराच वेळ बघत राहिला.
“ही बरी,” म्हणाला. “टांगलेली आहेत.
कुठे जात नाहीत.”