पेवाचं भाडं

दरवर्षी मार्चच्या सुमाराला,
मार्केट यार्डात हळदीचे सौदे ऐन भरात असताना
मोबाइलवर निरोप येतो:
तुमची साठवण बारा तारखेला संपते आहे.
बाराशे नव्व्याण्णव भरा.
न भरल्यास आतल्या प्राण्यांची हमी नाही.

आतले प्राणी सहाशे एकोणचाळीस.
मोजलेत मी, दुपारी दोनला,
हमाल पोत्यांवर आडवे झाले की
अडतीच्या गादीवर बसून.
शाळेत असताना पकडलेले, गवतातून, गुहांतून,
बोटाएवढ्या पडद्यावर,
चादरीत बॅटरी धरून.
एक भडंग. पिवळा, तिखट, सतत उडणारा.
एक बापटसर. दगडाचा. हल्ला केला तरी हलत नाही.
एकीचं नाव सांगणार नाही,
ती आता विश्रामबागला दातांची डॉक्टर आहे.

तीन यंत्रं बदलली, एकातून दुसऱ्यात,
दुसऱ्यातून तिसऱ्यात,
आणि शेवटी वर.
वर म्हणजे कुठे, ते कुणी सांगत नाही.
वर गेलेलं जुन्या यंत्रात परत उतरत नाही
एवढंच बारीक अक्षरात लिहिलेलं.

खेळतोस कधी? संज्योत विचारते.
नाही.
मग?

आण्णा हरिपूरच्या पेवांवर तोलाईला होते.
जमिनीखाली वीस-पंचवीस फूट
दुसऱ्यांची हळद,
वरून माती, वरून माणसं जातायत येतायत.
भाडं वर्षाचं. पावती गुलाबी.
पेवात हळद वजनाला वाढते म्हणायचे,
जमिनीची ओल पिते.
माझे वाढत नाहीत.
भडंग त्रेचाळीसाव्या पातळीवर आहे,
मी दहावीत होतो तेव्हापासून.

पेव फोडलं की लगेच उतरायचं नाही.
आधी कंदील सोडायचा दोरीला बांधून.
विझला तर थांबायचं.
आतल्या वाईट हवेत माणूस ओरडतसुद्धा नाही,
आण्णा सांगायचे, आणि ओरडल्यासारखे गप्प व्हायचे.

लॉकडाऊनच्या वर्षी अर्धा पगार झाला.
अकरा दिवस उशीर.
भरले पैसे, आणि उघडेना मला.
जिन्यात बसलो. शेवटी दाबलं.
पांढऱ्या पडद्यावर ते गोल चक्र फिरत राहिलं,
फिरत राहिलं,
मी दोरी धरून.

सगळे होते.
बापटसर जागचे हलले नव्हते.

पाच सालच्या पुरात पेवांत पाणी शिरलं.
कुणाची किती पोती, याद्या होत्या,
माल नव्हता.
आण्णा नंतर कित्येक दिवस
त्या याद्याच नीट लावत बसले.
एकोणीसला पाणी आमच्या गावभागात आलं,
कपाटाच्या दुसऱ्या फळीपर्यंत.
जुनं यंत्र त्याच फळीवर होतं.
चिखल काढताना सापडलं.
बटणं दाबून पाहिली. दाबली जात होती.

संज्योतला हे सगळं सांगता आलं असतं.
मी म्हणालो, दिवसाला साडेतीन रुपये पडतात.
ती म्हणाली, बरं.

खरं कारण आणखी एक आहे.
पाचव्या खोक्यात, तिसऱ्या रांगेत
एक निळा पक्षी.
त्याच्या माहितीत लिहिलंय, मूळ मालक: सतारमा.
नदीम सतारमेकर, मिरज.
इंग्रजीत सातच अक्षरं मावायची
म्हणून आडनाव तिथेच तुटलेलं.
रेल्वे स्टेशनच्या बाकावर, वायर जोडून,
त्यानं पाठवला माझ्याकडे.
मी वापरून परत देणार होतो.

मग त्याची शाळा बदलली.
मग यंत्रं बदलली.
त्याच्या घराण्याच्या दुकानासमोरून जातो मी,
भोपळे टांगलेले असतात वाळत,
आत कुणी तरुण मुलगा तारा ओढत असतो.
आत जाऊन काय विचारू?
तुमच्याकडचा एक पक्षी माझ्याकडे आहे?

अडतीच्या वहीत दुसऱ्याच्या मालाला
वेगळं पान असतं.
तारीख, पोती, कुणाची, कुठवर.

पिन टाकला. टिंग झालं.
पुढच्या बारा तारखेपर्यंत.
पक्ष्यानं पंख एकदा झटकले,
सगळे झटकतात तसे, ठरलेल्या वेळाने.

सोमवारी देतो, असं मी म्हणालो होतो.
कुठला सोमवार
ते त्यानंही विचारलं नव्हतं.