हातचा एक

आमच्या किस्सी लोकांत नाव म्हणजेच क्रमांक.
पहिला मुलगा सा, दुसरा तांबा, तिसरा फाया.
मुलींत आधी सिया, मग कुंबा, मग फिंदा.
मी फिंदा. तिसरी.
म्हणूनही असेल, आरोग्य खात्याच्या माणसाने
वही माझ्याच हातात दिली.

शाळा बंद होती. फळ्यावर एप्रिलमधली तारीख.
त्याने बाकावर भुईमुगाचे दाणे मांडले:
एका आजाऱ्याकडून दोघांना, दोघांकडून चौघांना.
पुढचे आठ मागच्या बाकावर कुणीतरी खाऊन टाकले
आणि आम्ही हसलो,
त्या महिन्यातलं बहुधा शेवटचं.
मग तो म्हणाला, एकामागे एकाहून कमी,
सरासरी तिथवर उतरली की साथ आपोआप आटते.
एवढंच काम. एकाच्या खाली.

पण सरासरी कुणाच्या घरात राहत नाही.
नदीकाठची चाळीस घरं फिरले,
दीड माणसाला ताप देणारा कुठेच भेटला नाही.
बहुतेकांनी कुणालाच दिला नाही,
भिंतीकडे तोंड करून एकेकटे गेले.
आणि तेवा म्हातारी,
जिने निम्म्या गावाची बाळंतपणं केली,
तिला शेवटचं न्हाऊ घालायला अकरा जणी जमल्या.
मी अकरा ओळी आखल्या.
केस कुणी विंचरले, तेही विचारलं.
विचारावं लागतं.

एका ताटात कोण जेवलं? उलटी कुणी पुसली?
हात कुणी धरला, आणि कोणत्या वारी?
बायका उत्तर देताना माझ्या हातांकडे बघायच्या.
आमच्यात दोन काठ्यांचं अंतर.
स्पर्शाची तारीख एका रकान्यात,
तापाची दुसऱ्या.
मधले दिवस कोरे. त्या दिवसांत
माणूस भात कांडतो, भांडतो, उधारी फेडतो,
त्याला काही माहीत नसतं. मलाही.
एकविसाव्या दिवसापर्यंत रोज सकाळी दारात,
यंत्र कपाळासमोर धरायचं,
कपाळाला लावायचं नाही.

रेडिओवर मेलेल्यांचा हिशेब यायचा,
शंभरातले इतके गेले.
मी विचारलं, हे शंभर कुठले?
दवाखान्यापर्यंत पोचले तेवढेच ना?
मग झाडीत लपून राहिलेला, आपोआप बरा झालेला फाया,
जो आता बाजारात कोंबड्या विकतो,
त्याला भागाकाराच्या रेषेखाली कुणी लिहिला?
खात्याच्या माणसाने कानामागचं पेन काढलं,
जरा बघितलं,
परत खोवलं.

नवव्या दिवशी कुंबाचं पोर ओट्यावरून घसरलं.
मी उचललं.
काठ्या, फळा, दाणे, काही आठवलं नाही;
हातांचं शिक्षण त्याच्या कितीतरी आधी झालेलं.
यंत्र म्हणालं छत्तीस पूर्णांक सहा.
ताप नाही तोवर त्याच्याकडून काही येत नाही,
हे दारोदार मीच सांगत होते.
तरी रात्री कंदिलाशी बसून
यादीच्या शेवटी लिहिलं:
फिंदा, वय सव्वीस, उचललं.
लहानपणी बेरीज करताना
एक असाच बाजूला ठेवायचो, हातचा,
पुढच्या घरात मिळवायला.

ते एकवीस दिवस माझं कपाळ मीच मोजलं.
कुंबा लांबून विचारायची, किती?
आकडा ऐकून आत जायची.

बेचाळीस दिवस नवीन कुणी नाही,
तेव्हा बाजारात ढोल वाजले.
लोक गळ्यात पडत होते.
मी कोपर पुढे केलं, सवयीने.

वही आता परत मागितली आहे.
सगळ्या ओळी पुऱ्या झाल्यात, एक सोडून.
ओळ चौसष्ट: मोटरसायकलवर
आजाऱ्याला छातीशी धरून मागे बसलेला,
पिवळी टोपी, नाव कळलं नाही,
नदीच्या दिशेने गेला.
कुणाचा पहिला होता,
की चौथा.