खंडव्याकडे गेलेला बॉल

बलदार तडवी वारला
हे मला चक्कीवर कळलं, दादरचं पीठ घेताना.
चक्कीवाला म्हणाला,
तुमचा तो लेफ्ट आउट गेला ना.
तुमचा.
चाळीस वर्षांत कोणी आम्हाला तो दिला नव्हता,
यानं सुट्या पैशांसोबत हातावर ठेवला.

फिरकेच्या पोराच्या टेम्पोत आम्ही चौघं.
झोपे गार्ड म्हणे, इगतपुरीवरचा तो गोल डाव्या पायाचा.
डेस्मंड म्हणे, डोक्याचा, मी पोस्टाला टेकून होतो.
फिरके म्हणे, मी मॅच पाहिलीच नाही, ड्यूटी होती,
पण डाव्याच पायाचा.
तापीचा पूल आला तसे सगळे गप्प.
पुढे यावलपर्यंत नुसत्या केळी.
पेनल्टीचं कोणी काढलं नाही.

आमच्या मैदानाला गवत कधी नव्हतं.
शेडमधून आणून पसरलेली कोळशाची चुरी,
पडलं की गुडघ्यात खडा.
माझ्या डाव्या गुडघ्यात एक अजून आहे,
थंडीत बोलतो.
चारचा भोंगा झाला की तसेच यायचो,
ग्रीसच्या हातांनी, रिकामे डबे वाजवत,
आणि बलदार फिटर
बुटाला सुतळी बांधून
रेषेच्या इतक्या कडेनं पळायचा
की चुना त्याच्या एकाच पायाला लागायचा.

अठ्ठ्याहत्तरचा मे. फायनल. एकास एक.
शेवटचं मिनिट, पेनल्टी.
त्यानं मारली.
बारवरून गेली, भिंतीवरून गेली,
यार्डातून निघालेल्या मालगाडीच्या
उघड्या वॅगनमध्ये, कोळशावर,
बॉल जाऊन बसला
आणि खंडव्याच्या दिशेनं गेला.
बॉल एकच होता.
कॉन्व्हेंटमधून दुसरा येईपर्यंत अंधार पडला.
दुसऱ्या दिवशी तीन खाल्ले.

त्या संध्याकाळी मी त्याला जे बोललो
ते आमच्या बोलीतलं आहे, इथं लिहीत नाही.
त्यात त्याची आई होती.
आई तिथंच होती, गोलच्या मागे,
डांगरांची पाटी घेऊन.
तिनं एक फोड कापून
बाजूच्या पोराला दिली, वर पाहिलं नाही.

सोमवारी त्यानं माझ्या इंजिनाचे ब्रेक तपासले.
मग परत तपासले.
जाय रे भाऊ, म्हणाला, टाइट हाये.
माफी तेव्हा मागायची होती.
सिग्नल पडला.

पुढे वाफ गेली, भोंगा गेला,
मैदानावर लग्नांचे मांडव आले.
तो रिटायर होऊन गावी बकऱ्या राखायला लागला.
बाजाराला आला की स्टेशनाबाहेर कोणीतरी गाठायचंच,
काय बलदारभाई, बॉल?
तो दरवेळी तेवढाच विचार करायचा, नव्यानं.
खंडव्याले उतरला असंन, म्हणायचा. येईन वापस.
आम्ही हसायचो. तोही.
मी जरा मोठ्यानं.

कबरस्तान सातपुड्याच्या अगदी पायाशी.
त्याच्या पुतण्यानं विचारलं, आपण कोण?
नातलग नाही, स्टाफ म्हणावं तर डेस्मंड स्टाफ नव्हता.
फिरके म्हणाला,
आम्ही त्याचं पब्लिक.
पुतण्या बाजूला सरकला, जागा केली.
सगळ्यांसारखी तीन मुठी माती आम्हीही टाकली.
तिसऱ्या मुठीला मी थांबलो,
तोंडाशी आलेलं मराठीत होतं
आणि चाळीस वर्षं जुनं.
मागचा माणूस खांद्याला हात लावून म्हणाला, चला.

येताना, गावात शिरताना फाटक बंद.
मालगाडी.
झोपेनं सवयीनं वॅगन मोजायला घेतल्या, ओठांतल्या ओठांत.
डेस्मंड टेम्पोच्या फाळक्यावर चढला,
सत्त्याहत्तराव्या वर्षी,
एक हात माझ्या डोक्यावर टेकवून,
आणि वरून आत बघत राहिला.
आम्ही त्याला उतर म्हणालो नाही.
अठ्ठावन्न, झोपे म्हणाला.
आणि ब्रेकव्हॅन.