बोलेकर

मेसेज आला तेव्हा मी डॉक्टर फरीदांना सक्शन धरून देत होते.
फोन खिशात दोनदा थरथरला.
पेशंटचं तोंड उघडं, माझं मास्कमागे बंद,
दुपारचा डबा उघडेपर्यंत कळलंच नाही
की शारजाच्या कोर्टात माझ्यावर दावा आहे.

सगळं अरबीत. ओळखू आला फक्त आकडा,
तोही चुकीचा:
दोन शून्यं, पुढे दोन टिंबं.
म्हटलं, काहीच मागत नाहीयेत की.
फार्मसीतला रियास परोटा मोडता मोडता म्हणाला,
दीदी, इथे शून्य म्हणजे पाच. टिंब म्हणजे शून्य.
साडेपाच हजार.

घेतले होते दोन.
क्लिनिकचा पगार तेव्हा दोन महिने
'येत्या सोमवारी' होत होता,
आणि ॲप म्हणालं, पगाराची वाट कशाला बघतेस,
आजच घे ना.
घरच्यांनी कधी इतका आग्रह केला नव्हता.
चौदा दिवस. मग मुदतवाढ, तिची फी.
फी थकली, तिची मुदतवाढ, तिची फी.
फोनवर मी दातांच्या कण्या केल्या.
पलीकडे रेकॉर्ड केलेली बाई,
एक दाबा, दोन दाबा.

रोल्याला टायपिंग सेंटर. पन्नास दिरहम, शिक्क्याचे वेगळे.
उसामानं चष्मा कपाळावर ढकलला. नाव?
पोळेकर.
त्याच्या अक्षरांत प नाही.
ळ रियासच्या भाषेत आहे, ह्याच्या नाही.
त्यानं ब घातला, ल घातला,
वाचून दाखवलं: बोलेकर.
हसूच आलं. बेचाळीस वर्षांत
मला कुणी बोलकी म्हटलं नव्हतं.

फेडलं किती? मी वही पुढे केली.
हिशेब मराठी आकड्यांत,
खोलीतल्या बाकीच्या मुलींना कळू नये म्हणून.
शेवटी, दोनदा अधोरेखित: ११००.
उसामानं बोट ठेवलं.
नऊ हजार नऊशे पंचावन्न?

आमचा एक, त्याचा नऊ.
आमचं शून्य, त्याचं पाच.
एका श्वासापुरती मी कुणाचं काही लागत नव्हते,
उलट त्यांच्याकडेच माझे
चार हजार चारशे पंचावन्न निघत होते.
खाडीवर एका लाँचचा भोंगा वाजून थांबला.
त्याची बोटं टाइप करायला लागली
आणि मी म्हटलं, नाही भाईसाब. ग्यारह सौ.
का म्हटलं कोण जाणे.
खरेपणा असेल.
किंवा बँकेचा कागद सोबत जोडायचाच होता.

उत्तरात मला पुष्कळ लिहायचं होतं.
रात्री साडेअकराचे फोन, मॅनेजरला धाडलेला
माझ्या पासपोर्टचा फोटो, आणि 'उसनं' हा शब्द,
कारण मी घेताना ते उसनंच समजले होते.
उसामा म्हणाला, आमच्याकडेही आहे तसं,
कर्द हसन, चांगलं कर्ज.
पण हे ते नाही, आणि काझीला ते ठाऊक आहे.
सगळं चार ओळींत बसवलं त्यानं.
मुद्दल मान्य. भरल्याचे पुरावे सोबत.
फीवरच्या फीला हरकत.
उरले नऊशे, महिना दीडशेनं देईन.

सुनावणी मोबाइलवर, मंगळवारी सव्वानऊ.
मी स्टोअररूममध्ये उभी, मागे फळीवर
प्लॅस्टरचे जबडे, प्रत्येकावर पेशंटचा नंबर,
सगळे आ वासून.
चौकोनात माझं तोंड, मास्क काढलेलं,
नाकावर त्याचा वळ.
पुकारा झाला. बोलेकर.
हाजिर, म्हटलं. हरकत आहे, म्हटलं.
एवढंच.
दुभाष्यानं ते बरंच लांबवून सांगितलं.

पुढची तारीख पंधरा दिवसांनी.
उत्तराची प्रत ग्लव्हजच्या खोक्याखाली ठेवलीय.
मधूनच काढून बघते. एकही अक्षर लागत नाही,
पण शेवटच्या ओळीत मी कबूल केलेला आकडा
मला अजून माझ्याच सवयीनं दिसतो:
एक,
आणि पुढे दोन टिंबं