चार बोटं

रात्री नऊला आमच्या इमारतीत
कुकर बंद व्हायचे.
कन्नमवार नगर, एकशे सतरा नंबर.
तळमजल्याच्या कोचरेकरांपासून
वरच्या फिलोमिना आंटीपर्यंत
एकच शीर्षकधून जिना चढत जायची.

आणि मग ते.
कधीच पाऊस न पडणाऱ्या गावात
छत्र्या विकणारा ढेरपोट्या बाप,
त्याला पुरून उरलेली बायको,
घरखर्चाची वही ठेवणारी अकरा वर्षांची पोर,
आणि मोरीत पाळलेला शहामृग.
सगळेच जांभळट, सगळेच चितारलेले.

आई म्हणायची, कार्टून पोरांसाठी असतं.
ही बया नवऱ्याला काय काय बोलते
आणि तुम्ही दात काढता.
पण पोळी करपल्याचा वास येईपर्यंत
तीही दारात उभी असायची,
उलथनं हातात.

त्या बापाचं एकच पालुपद, हिंदीत डब केलेलं:
कल पक्का.
नळ गळो, हप्ता थको, कल पक्का,
की लगेच डब्यातलं हसू.
पंधरा दिवसांत ते कॉलनीभर झालं.
पाण्याच्या टाकीबद्दल सेक्रेटरी तेच म्हणाला.
वाण्याच्या वहीत रेग्यांच्या उधारीपुढे तेच लिहिलं होतं.
धाकट्या कोचरेकरने गृहपाठाला म्हटलं
आणि पट्टी खाल्ली.

बाबा फारसे हसायचे नाहीत.
उजवा हात टॉवेलखाली ठेवून बसायचे.
भांडुपच्या कंपनीत पॉवर प्रेसने
करंगळी नेली होती, माझ्या जन्माआधी.
मला वाटायचं,
बाबांचे हात असेच येतात.

एका रात्री मीच म्हणाले,
बाबा, यांना चारच बोटं.
कुणालाच पाच नाहीत.
बाबा पडद्याच्या अगदी जवळ सरकले.
बाप, बायको, पोर, शेजारी, पोस्टमन,
सगळ्यांची मोजली.
जाहिराती लागल्या तरी
हात मांडीवर उघडाच होता.

चौथीत ‘माझे कुटुंब’ काढायला सांगितलं.
मी सगळ्यांना चार चार बोटं दिली, आईलासुद्धा.
देवधर बाईंनी लाल पेनने
प्रत्येक हाताला एकेक जोडून दिलं.
बाबा ते चित्र बराच वेळ बघत होते.
म्हणाले, बाई मनाने चांगल्या आहेत.

कंपनीच्या गेटवर नोटीस लागली त्या सकाळी
तीनशे माणसं उभी होती.
कुलूप कधी निघणार, कुणीतरी विचारलं.
वॉचमन रात्रपाळीचा, टीव्ही न बघणारा,
धीर द्यायचा म्हणून म्हणाला, कल पक्का.
बाबा सांगतात, आधी कुणीच हसलं नाही.
मग एक जण. मग सगळे,
डोळे पुसत, गेटला धरून.
वॉचमन बिचारा
एकेकाचं तोंड बघत राहिला.

ती मालिका संपली की चालूच आहे, ठाऊक नाही.
ती पोर अजून अकराची आहे, एवढं खरं.
मी सदतीस.

परवा टागोर नगरच्या शाळेत, आधारच्या रांगेत,
बाबांनी हिरव्या काचेवर हात ठेवला.
मशीनला अंगठा सोडून चार हवी होती.
मशीन वाट बघत राहिलं.
सर्व्हर पण डाऊन आहे काका,
मुलगा मान खाली घालूनच म्हणाला, आता कल
आणि अडखळला.

पक्का, बाबा म्हणाले.

त्याने वर बघितलं. विशीचा असेल, कानात इअरफोन.
हात वर केला, करंगळी दुमडली,
आणि उरलेली चार बोटं हलवली,
लहानपणी त्याच्या गल्लीत
करायचे तशी.